अमेरिकेतील निवडक विद्यापीठांतील पदवी-प्रवेश आणि परदेशस्थ अर्जदार : आर्थिक साहाय्याच्या विशेष संदर्भात

प्रास्ताविक

अमेरिकेतील भारतीय विद्यार्थ्यांची संख्या २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात ३,३१,६०२ इतकी होती आणि त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकून प्रथम क्रमांक मिळविला. या आकड्याची फोड केली असता मात्र निराळे चित्र दिसते. यांपैकी १,९६,५६७ विद्यार्थी पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे होते, ९७,५५६ जण शिक्षण पूर्ण करून प्रशिक्षणार्थ नोकरी करीत होते आणि पदवी अभ्यासक्रमात शिकणारे केवळ ३६,०५३ होते. याचाच अर्थ असा की, 'अमेरिकेला शिकावयास जाणे' याविषयी आपल्याकडे घरोघरी जे अनुभवसिद्ध ज्ञान आढळते ते प्रामुख्याने एम.एस.चे आहे. जीआरई, असिस्टंटशिप, बँकेचे शैक्षणिक कर्ज आणि पुढे नोकरी ही त्याची साखळी होय. बारावीनंतर पदवीसाठी जाऊ इच्छिणाऱ्यास हे ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही. काही बाबतींत तर ते त्याची दिशाभूल करते.

प्रस्तुत लेखात अमेरिकेतील निवडक, म्हणजे आलेल्या अर्जांपैकी बहुसंख्य अर्ज नाकारणाऱ्या, विद्यापीठांचा व महाविद्यालयांचा विचार केला आहे. हार्वर्डमध्ये अलीकडच्या वर्षांत शंभरांपैकी जेमतेम चार अर्जदारांना प्रवेश मिळतो. एमआयटीमध्ये एकूण प्रमाण साडेचार टक्क्यांच्या आसपास असताना परदेशी अर्जदारांच्या बाबतीत ते सुमारे दोन टक्क्यांवर येते. या तफावतीची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी पैसा हे कारण सर्वांत कमी बोलले जाते, आणि एकंदर व्यवस्था पाहता अर्जदाराने सर्वप्रथम समजून घ्यावे असे कारण तेच आहे.

परदेशस्थ कोण?

अर्जात परदेशी कोणास म्हणावे, याविषयी पालकांचे अनेक गैरसमज असतात. आर्थिक साहाय्याच्या दृष्टीने बहुतेक संस्था नागरिकत्व पाहतात, वास्तव्य नव्हे. आईवडील अमेरिकेत नोकरीस असताना तेथे जन्मलेला आणि पुढे पुण्यात वाढलेला मुलगा अमेरिकन नागरिक असतो. त्याला संघराज्य सरकारचे अनुदान व कर्ज यांसाठी अर्ज करता येतो आणि साहाय्याच्या हिशेबात तो स्वदेशी ठरतो. याउलट न्यू जर्सीत शाळा शिकलेली, परंतु आईवडिलांच्या व्हिसावर राहणारी भारतीय नागरिक मुलगी बहुतेक ठिकाणी परदेशी गणली जाते. दुबईतील मराठी कुटुंबाच्या मुलांची गणनाही परदेशी अशीच होते.

पुण्यातील त्या अमेरिकन नागरिकालाही एक मर्यादा आहे. राज्य विद्यापीठांतील सवलतीचे शुल्क त्या राज्यातील रहिवाशांसाठी असते. केवळ पासपोर्टच्या बळावर ते मिळत नाही.

प्रवेश आणि पैसा

अमेरिकेतील विद्यापीठे साहाय्याविषयी दोन निरनिराळी आश्वासने देतात. ही दोन आश्वासने एकच समजली जातात, आणि बहुतेक घोटाळा तेथेच होतो. पहिले आश्वासन असे की, प्रवेशाचा निर्णय घेताना अर्जदाराला साहाय्याची गरज आहे किंवा नाही हे पाहिले जाणार नाही. यास तिकडे 'नीड-ब्लाइंड' म्हणतात. आपण गरज-निरपेक्ष प्रवेश म्हणू. दुसरे आश्वासन असे की, प्रवेश दिल्यावर विद्यार्थ्याची जेवढी गरज सिद्ध होईल तेवढी संपूर्ण भागविली जाईल. एखादी संस्था पहिले आश्वासन देईल आणि दुसरे देणार नाही. दुसरी एखादी प्रवेश देताना गरज पाहील, पण ज्यांना घेईल त्यांची गरज पूर्ण भागवील. शिवाय यांपैकी कोणतेही आश्वासन केवळ अमेरिकन नागरिकांपुरतेच मर्यादित असू शकते. संकेतस्थळावर ठळक अक्षरांत 'आम्ही गरज-निरपेक्ष प्रवेश देतो' असे लिहिलेले असते, आणि परदेशी विद्यार्थ्यांविषयीचे अपवादाचे वाक्य पुष्कळदा वेगळ्याच पानावर सापडते.

आयव्ही लीगमधील आठ विद्यापीठांचे उदाहरण घेऊ. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, डार्टमथ आणि ब्राऊन ही पाच विद्यापीठे परदेशी अर्जदारांनाही गरज-निरपेक्ष प्रवेश देतात व सिद्ध झालेली गरज पूर्ण भागवितात. कोलंबिया, पेनसिल्व्हेनिया आणि कॉर्नेल ही तीन परदेशी अर्जदाराची गरज विचारात घेतात. आयव्ही लीगबाहेर एमआयटी, ॲमहर्स्ट आणि बोडन पहिल्या गटात मोडतात. स्टॅनफर्ड दुसऱ्या गटात आहे. बर्कली, लॉस एंजेलिस इत्यादी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखा सरकारी असून परदेशी पदवी-विद्यार्थ्यांना गरजेवर आधारित साहाय्य देत नाहीत. तेथे राज्याबाहेरील विद्यार्थ्यांचे वाढीव शुल्क भरण्याची तयारी ठेवूनच अर्ज करावा लागतो.

ही यादी कायमची नाही. डार्टमथने २००८ च्या सुमारास परदेशी अर्जदारांना गरज-निरपेक्ष प्रवेश देण्यास आरंभ केला, २०१५ मध्ये तो बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू केला. बोडननेही २०२२ मध्येच हे धोरण स्वीकारले. ब्राऊनमध्ये ते २०२५ साली दाखल झालेल्या तुकडीपासून लागू झाले. विल्यम्स महाविद्यालयाने मात्र २००८ च्या आर्थिक संकटानंतर, २०१० मध्ये, ते मागे घेतले. ज्या निधीच्या व्याजावर ही उदारता चालते तो निधी आटला की परदेशी विद्यार्थी प्रथम वगळला जातो, हे या इतिहासावरून स्पष्ट होते. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या विद्यार्थ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. ज्या वर्षी अर्ज करावयाचा त्या वर्षीचे धोरण संस्थेच्या स्वतःच्या पानावर वाचावे.

गरज विचारात घेणाऱ्या संस्थेत प्रत्यक्षात काय घडते? अत्यंत उत्कृष्ट अर्ज पैशामुळे सहसा नाकारला जात नाही. परंतु समितीपुढे जवळजवळ समतोल असे अनेक अर्ज येतात, परदेशी विद्यार्थ्यांसाठीची साहाय्याची रक्कम ठरलेली असते, आणि मग निवाडा पैशावर होतो. येथे पालकांना मोह होतो. अर्जात 'आपण आर्थिक साहाय्य मागणार आहात काय?' असा प्रश्न असतो. 'नाही' लिहिल्यास प्रवेशाची शक्यता वाढेल, पुढचे पुढे पाहू, असा सल्ला देणारे सल्लागार शहरोशहरी आहेत. हा सल्ला घातक आहे. स्टॅनफर्डसह अनेक संस्थांचा नियम असा की, प्रवेशाच्या वेळी साहाय्य न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास पुढील चारही वर्षे ते मागता येत नाही. अशा संस्थांचा एकूण वार्षिक खर्च आज ८० हजार डॉलरांच्या वर गेला आहे. चार वर्षांचा हिशेब पावणेतीन कोटी रुपयांहून अधिक होतो. विद्यार्थी-व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासच काम करता येते. त्या कमाईतून फार तर वरखर्च भागेल.

आपल्याकडच्या शिष्यवृत्त्यांचाही येथे फारसा आधार नाही. परदेशी शिक्षणास साहाय्य करण्याची परंपरा जुनी आहे. जमशेटजी टाटा यांचा निधी १८९२ चा आहे. बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबियात दाखल झाले. परंतु ते एम.ए.साठी गेले होते आणि ही परंपराही मुख्यतः पदव्युत्तरच राहिली. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी. अभ्यासक्रमांसाठी आहे. टाटा न्यासाने २००८ मध्ये दिलेल्या देणगीतून कॉर्नेलमध्ये भारतीय पदवी-विद्यार्थ्यांसाठी निर्माण झालेली शिष्यवृत्ती हा ठळक अपवाद; तिचा लाभ एका वेळी सुमारे वीस विद्यार्थ्यांना मिळतो. तात्पर्य, पदवीसाठी जाणाऱ्याचा खरा दाता विद्यापीठच असते.

मध्यमवर्गाचा संकोच

साहाय्य मागणे म्हणजे स्वतःस गरीब म्हणवून घेणे, ही भावना मध्यमवर्गीय कुटुंबांत प्रबळ असते. तिला हिशेबाचा आधार नाही. वर्षास पंधरा लाख रुपये मिळविणारे नाशिकचे वा कोल्हापूरचे कुटुंब आपल्याकडे सुस्थितीतील समजले जाते. डॉलरमध्ये हे उत्पन्न सतरा हजारांच्या आसपास भरते. हार्वर्डने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले की, एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न व सर्वसाधारण मालमत्ता असलेल्या कुटुंबांकडून काहीही घेतले जाणार नाही. त्या मापाने हे कुटुंब पूर्ण साहाय्यास पात्र ठरते. अशा संस्थेत साहाय्य मागितल्याने प्रवेशाची शक्यता कमी होत नाही. येथे संकोच करणारा अर्जदार आपल्याच हाताने आपली वाट बंद करतो.

गरज ठरविण्यासाठी बहुतेक खासगी संस्था कॉलेज बोर्डाचा 'सीएसएस प्रोफाइल' हा अर्ज भरून घेतात. त्यात आईवडिलांचे उत्पन्न, बचत, घर, कर्ज, व्यवसाय यांची तपशीलवार विचारणा असते आणि सोबत प्राप्तिकर विवरणपत्रे द्यावी लागतात. हा अर्ज अमेरिकन कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून रचलेला असल्याने आपल्या काही गोष्टी त्याच्या चौकटीत बसत नाहीत. सातबाऱ्यावर चुलत्यांसह नाव असलेली जमीन, आजीआजोबांचा सांभाळ, बहिणीच्या लग्नासाठी काढलेले कर्ज यांना त्यात स्वतंत्र रकाने नसतात. अशा वेळी जमीन दडवू नये, तसेच तिची संपूर्ण किंमत आपल्या नावावर मांडूनही मोकळे होऊ नये. आपला हिस्सा किती, त्यातून वार्षिक उत्पन्न किती आणि ती एकट्याच्या मर्जीने विकता का येत नाही, हे स्पष्टीकरणाच्या जागेत साध्या शब्दांत लिहावे.

अकरावीचे वर्ष आणि शिक्षकांचे पत्र

प्रवेश परीक्षा आणि गुणवत्ता यादी यांवर वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यास अमेरिकन पद्धत अनाकलनीय वाटते. तेथे 'कट-ऑफ' नसतो. 'कॉमन ॲप्लिकेशन' या सामाईक अर्जात ६५० शब्दांपर्यंतचा निबंध, दहापर्यंत उपक्रम, शालेय गुण व शिफारसपत्रे असतात. सॅट परीक्षेविषयीची धोरणे महासाथीच्या काळात सैल झाली होती. एमआयटीने २०२२ मध्ये आणि हार्वर्ड, डार्टमथ, ब्राऊन यांनी २०२४ मध्ये परीक्षेचे गुण पुन्हा आवश्यक केले. कॅलिफोर्निया विद्यापीठ ते पाहतच नाही. निबंध व उपक्रमांवर सल्ल्याचा बाजार एवढा फोफावला आहे की त्याविषयी येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. ज्या दोन गोष्टींवर तो बाजार काही बोलत नाही त्या महाराष्ट्रातील विद्यार्थ्यास अधिक नडतात.

पहिली गोष्ट अकरावीची. दहावी आणि बारावी यांच्यामधले हे वर्ष आपल्याकडे गुणांच्या दृष्टीने निरर्थक मानले जाते. अमेरिकन समिती नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागते. बारावीचा निकाल मे महिन्याच्या सुमारास लागतो आणि तेथील निर्णय मार्चअखेर जाहीर होतात. साहजिकच समितीपुढे पूर्ण वर्षाचे अखेरचे गुण असतात ते अकरावीचे. दहावीचे ९५ टक्के अकरावीत ७० वर आलेले दिसले, तर त्याचा अर्थ परका वाचक आपल्यासारखा लावणार नाही.

दुसरी गोष्ट शिफारसपत्रांची. बहुतेक निवडक संस्था दोन शिक्षकांची पत्रे मागतात. एमआयटी एक पत्र गणित वा विज्ञानाच्या आणि दुसरे मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे वा भाषा शिकविणाऱ्या शिक्षकाचे मागते. (मराठीच्या प्राध्यापकांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे, विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यासाठी त्यांच्या पत्रास येथे खरे मोल आहे.) पत्रात अपेक्षा असते ती विद्यार्थी वर्गात कसा विचार करतो, कोणते प्रश्न विचारतो, चुकल्यावर काय करतो याची. परंतु विज्ञान शाखेचा आपला विद्यार्थी कनिष्ठ महाविद्यालयात नाव घालून दिवसभर खासगी क्लासमध्ये बसतो. ज्या शिक्षकांची सही चालते ते त्यास ओळखत नाहीत. मग 'विद्यार्थी हुशार, आज्ञाधारक व कष्टाळू आहे' असे चार ओळींचे प्रमाणपत्र जाते आणि अर्जातील महत्त्वाची जागा रिकामी राहते. यावर उपाय ऐनवेळी होत नाही. निदान दोन विषयांच्या तासांना अकरावीपासून नियमित बसणे, एवढाच मार्ग आहे.

महाविद्यालयासही येथे काम आहे. कॉमन ॲप्लिकेशनमध्ये संस्थेचा परिचय देणारे पत्रक जोडता येते. आपल्याकडे गुण कसे दिले जातात, वर्गात विद्यार्थी किती, अंतर्गत परीक्षांत प्रथम येणाऱ्यास साधारण किती टक्के मिळतात, हे त्यात नमूद केल्यास ७० टक्क्यांचाही योग्य अर्थ लागू शकतो. असे पत्रक एकदा तयार केले की वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

निर्णयापासून व्हिसापर्यंत

१ नोव्हेंबरच्या सुमारास करावयाच्या 'अर्ली डिसिजन' या अर्जात प्रवेश मिळाल्यास त्याच संस्थेत जाण्याचे बंधन असते. देऊ केलेले साहाय्य अपुरे असल्यास त्यातून मुक्तता मागता येते, परंतु निरनिराळ्या संस्थांच्या साहाय्याची तुलना करण्याची संधी जाते. साहाय्यावर अवलंबून असणाऱ्याने हा मार्ग विचारपूर्वकच निवडावा. नियमित अर्जांची मुदत बहुधा जानेवारीच्या आरंभी असते. अर्जाचे शुल्क बहुतेक ठिकाणी ७५ ते ९० डॉलर असते आणि ते परवडत नसल्यास माफी मागता येते.

मार्चअखेर निर्णय येतात व १ मेपर्यंत होकार कळवावा लागतो. त्यानंतर पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविल्यावर विद्यापीठ आय-२० हे प्रपत्र देते. पूर्ण साहाय्य मिळालेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत विद्यापीठाचे साहाय्यपत्र हाच मुख्य पुरावा असतो. पुढे ३५० डॉलरांचे सेव्हिस शुल्क भरून व्हिसाची मुलाखत द्यावी लागते. २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीपासून सुमारे तीन आठवडे अमेरिकन वकिलातींनी विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या वेळा देणे थांबविले होते, आणि नंतर समाजमाध्यमांवरील खाती तपासणीसाठी खुली ठेवण्याची अट घातली. म्हणून आय-२० हाती येताच मुलाखतीची वेळ घ्यावी. याच सुमारास बारावीचा निकाल लागतो. त्याची गुणपत्रिका महाविद्यालयामार्फत विद्यापीठाकडे पाठवावी लागते, आणि गुण फारच घसरलेले आढळल्यास दिलेला प्रवेश मागे घेण्याचा अधिकार विद्यापीठ राखून ठेवते.