गोळी मिळते, पण पोटात जाते का?

गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या जवळपास ४६ टक्के गरोदर स्त्रियांत तो आढळला. लोहाची गोळी सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. तरीही खेड्यापासून मुंबईपर्यंत अडतं ते ती रोज पोटात जाण्यावर. मळमळ होते, शौचाला काळं होतं, बाई घाबरते आणि पाकीट फडताळात राहतं. काळा रंग निरुपद्रवी असतो, एवढं आधी सांगितलं तरी निम्मी भीती जाते. गोळी चहाबरोबर मात्र घेऊ नये, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

‘पूर्वीच्या बायका कुठे गोळ्या घ्यायच्या?’ असं घरातली वडीलधारी विचारतात. त्या बायकाही आजारी पडत होत्या. इंग्रज डॉक्टर ल्यूसी विल्स यांनी १९२८नंतर मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगारणींचा रक्तक्षय अभ्यासला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा केला. त्यातला गुणकारी घटक, फोलिक ॲसिड, आजच्या गोळीत असतो. नाचणी, पालेभाजी हवीच, पण त्यांतलं लोह अंगी कमी लागतं. गरोदरपणाची वाढती गरज त्यावर भागत नाही. गोळी सोसतच नसेल तर ती परस्पर बंद करू नका, शिरेतून लोह देण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.