दगडाची हौस, चिठ्ठीचं मोल

मुंबईच्या वरळी टेकडीत बेडूक सापडले, यात नवल ते काय? नवल त्यांच्या वयाचं. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा टप्प्याटप्प्यानं वाहत होता. दोन उद्रेकांच्या मधल्या निवांत काळात सखल जागी तळी साचत, त्यांत बेडूक, कासवं, गोगलगाई नांदत, आणि पुढचा लाव्हा येऊन सगळं गाडून टाकी. वरळीच्या काळ्या, पापुद्रे सुटणाऱ्या खडकात अशाच एका तळ्यातल्या बेडकांचे चिमुकले सांगाडे मिळाले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं बारसं केलं. आज त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस पुसिलस’ म्हणतात. १८५२ मध्ये हेन्री कार्टर यांनी वरळीच्याच एका कासवाचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि त्याला डॉ. लीथ यांचं नाव दिलं. हे कार्टर कंपनी सरकारच्या नोकरीतले डॉक्टर. रोगी तपासायचे आणि उरलेल्या वेळात दगड. भारतातल्या जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला, त्यांतल्या बऱ्याच जणांना त्या कामाचा पगार मिळत नव्हता.

स्टीफन हिस्लॉप यांचं नाव नागपूरकरांच्या रोजच्या तोंडी असतं, पण ते कॉलेजमुळे. १८४५ मध्ये नागपुरात आलेल्या या स्कॉटिश पाद्र्यानं शाळा चालवल्या, गोंडांच्या भाषेची आणि कथांची टिपणं केली, आणि टाकळीच्या माळावर गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म वेचले. रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासोबत लिहिलेला नागपूर परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा लेख १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. मांगलीच्या खडकातली एका पुरातन उभयचराची कवटीही त्याच सुमारास लंडनला पोचली आणि ओवेन यांनी तिला ‘ब्रॅकिऑप्स’ हे नाव दिलं. हिस्लॉप यांचा शेवटही भटकंतीतच झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले.

त्याआधी, १८२८ मध्ये, जबलपूरच्या बारा सिमला टेकडीवर कॅप्टन विल्यम स्लीमन यांना हाडं सापडली. होय, ठगांचा बंदोबस्त करणारे तेच स्लीमन. हाडं हातोहात कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपपर्यंत गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांतल्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हा प्राणी जाहीर केला. भारतातला पहिला डायनोसॉर असा एका फौजी माणसाच्या हाती लागला. त्या मणक्यांचं पुढं काय झालं, ते नंतर सांगतो. या लेखाचा जीव त्यात आहे.

लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी ही जमात जगभर आहे. इंग्लंडच्या लाइम रेजिसमधल्या मेरी ॲनिंगची गोष्ट आता बालभारतीच्या वयातल्या मुलांनाही ठाऊक असते, म्हणून ती इथं सोडून देतो. एक गंमत मात्र नोंदवतो. इंग्लंडमधल्या गेल्या पन्नासेक वर्षांतल्या दोन मोठ्या हौशी संग्राहकांचा धंदा एकच, नळजोडणीचा. विल्यम वॉकर या प्लंबरला १९८३ मध्ये सरे परगण्यातल्या मातीच्या खाणीत एक प्रचंड नखी मिळाली. त्यातून ‘बॅरिऑनिक्स वॉकेरी’ हा मासेखाऊ डायनोसॉर उजेडात आला. दुसरे स्टीव्ह एचेस. किमरिजच्या किनाऱ्यावर त्यांनी काही दशकं जमवलेल्या दोन हजारांवर नमुन्यांसाठी २०१६ मध्ये स्वतंत्र संग्रहालय उघडलं. वाकून, चिखलात हात घालून, तासन्‌तास धीरानं काम करायची सवय दोन्हीकडे उपयोगी पडत असावी!

एकट्यादुकट्याच्या हौसेला मंडळाचं रूप आलं की काय होतं, हे पाहायला अमेरिकेतल्या सिनसिनाटीला जावं. या शहराखालचा खडक सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा तळ आहे. रस्त्यासाठी डोंगर कापला, घराचा पाया खणला, ओढ्याची दरड कोसळली, की शिंपल्यांसारखे ब्रॅकिओपॉड, जाळीदार ब्रायोझोआ, अंगाची गोळी करून बसलेले ट्रायलोबाइट बाहेर पडतात. १९४२ पासून तिथं ‘ड्राय ड्रेजर्स’ नावाचं हौशी मंडळ चालू आहे. सभा विद्यापीठात भरतात, सहलींना जाणाऱ्यांत नातवंडांपासून आजोबांपर्यंत सगळे असतात, आणि प्राध्यापक मंडळी या लोकांना पाहुणे न समजता सहकारी समजतात. मला या मंडळाचं खरं बळ त्या शेवटच्या गोष्टीत दिसतं.

त्याचं फळही मिळालं. मंडळातल्या रॉन फाइन यांना २०११ मध्ये केंटकीतल्या एका उतारावर विचित्र नक्षीचा दगड दिसला. पुन:पुन्हा जाऊन त्यांनी त्याचे तुकडे काढले आणि घरी जुळवत बसले. जुळणी दोन मीटरच्या आसपास गेली. त्या थरांतले बहुतेक जीव बोटभर, फार तर वीतभर. हे प्रकरण माणसापेक्षा लांब. २०१२ मध्ये ते विद्यापीठातल्या तज्ज्ञांसोबत परिषदेत मांडलं गेलं, तेव्हा हा प्राणी की आणखी काही, यावर तेही बुचकळ्यात पडले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘गॉडझिलस’ करून टाकलं. तुकडे दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये गेले असते तर ही चर्चाच झाली नसती.

तिथले नियमही पाहण्यासारखे आहेत. सीझर क्रीक तलावाच्या सांडव्यावर जीवाश्म वेचायला परवानगी आहे, पण आधी कार्यालयातून परवाना घ्यायचा, हत्यार न्यायचं नाही, तळहातापेक्षा मोठं काही उचलायचं नाही आणि विकायचं तर मुळीच नाही. शेजारच्या शॅरनव्हिलमध्ये एका उद्योजकानं दहा एकरांची टेकडीच जीवाश्म-उद्यान म्हणून देऊन टाकली. ओहायोत शाळकरी पोरांना अशा टेकडीवर सोडतात आणि पोरं खिसे भरून घरी येतात. इतकी जीवाश्मं तिथं आहेत, म्हणून हे परवडतं. आपल्याकडे तसं करता येणार नाही, हेही लगेच कबूल करायला हवं.

इलिनॉयमधल्या मेझॉन क्रीकची तऱ्हा निराळी. कोळशाच्या जुन्या खाणींनी उपसून टाकलेल्या ढिगाऱ्यांत तांबूस, लोहयुक्त गोटे मिळतात. आत सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचं नेच्याचं पान असेल, कोळंबी असेल किंवा काहीच नसेल. हातोडा मारला तर गोटा वाटेल तसा फुटतो आणि आतला ऐवज जातो. म्हणून तिथली हौशी मंडळी गोटे पाण्याच्या बादलीत भिजत घालतात आणि गोठवतात. भेगांत शिरलेलं पाणी बर्फ होऊन फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. हे चक्र आठवड्यांमागून आठवडे, कधी त्याहूनही जास्त चालतं. मग एके दिवशी हलकासा टोला दिला की गोटा नेमका जीवाश्माच्या पातळीतच उघडतो, कारण तोच त्यातला सर्वांत कच्चा पदर असतो. घरचा फ्रीज या कामाला लावल्यावर घरातल्या माणसांचं काय म्हणणं पडतं, याबद्दल मंडळाच्या मार्गदर्शिका मौन पाळतात. पन्नासच्या दशकात फ्रान्सिस टुली नावाच्या संग्राहकाला अशाच एका गोट्यात न ओळखता येणारा जीव मिळाला आणि त्यानं तो शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये नेऊन दिला. १९६६ मध्ये त्याला ‘टुलिमॉन्स्ट्रम’ नाव मिळालं. तो पाठीचा कणा असलेला प्राणी की नसलेला, यावर अजून वाद आहे. पण इलिनॉय राज्याचं ते अधिकृत जीवाश्म आहे.

आता त्या मणक्यांकडे वळू. लिडेकर यांनी नाव दिलेले स्लीमनचे मणके पुढं दिसेनासे झाले. शंभरहून अधिक वर्षं ते हरवलेलेच मानले गेले. २०१२ मध्ये कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात नागपूरच्या धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतला एक शोधून काढला. तो ओळखता आला, कारण जुनं वर्णन आणि जुनी चित्रं शिल्लक होती. ती नसती तर फडताळातला तो आणखी एक दगड होता.

याच मोहबे यांची दुसरी हकिगत आणखी बोलकी आहे. गुजरातेत धोली डुंगरी इथं मिळालेला डायनोसॉरची अंडी आणि हाडं असलेला एक दगड त्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ती हाडं पिल्लाची वाटली होती. दगड संग्रहात राहिला. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला आणि हाडांत सापाचे मणके ओळखले. २०१० मध्ये ‘सनाजेह इंडिकस’ जाहीर झाला: डायनोसॉरच्या घरट्यात शिरलेला साडेतीन मीटर लांबीचा साप. दगड तोच होता, जागेची नोंद पक्की होती, म्हणून पुन्हा वाचता आला.

नोंद खोटी असेल तर काय होतं, याचंही उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापले गेलेले कित्येक जीवाश्म मुळात भलत्याच देशांतल्या नमुन्यांशी तंतोतंत जुळतात. दगड अस्सल होते, ठिकाणं बनावट. हिमालयाच्या भूविज्ञानावरची कितीतरी पानं त्यामुळे संशयात गेली. आणि हा उद्योग कुणा हौशी माणसाचा नव्हता, विद्यापीठातल्या प्राध्यापकाचा होता.

म्हणून जुने संग्राहक दगडापेक्षा चिठ्ठीला जपतात. गाव, ओढा किंवा टेकडी, कुठला थर, जमिनीत रुतलेला होता की सुटा पडलेला, तारीख, वेचणाऱ्याचं नाव. एवढं लिहिलेली चिठ्ठी दगडासोबत नसेल, तर माझ्या मते तो दगड शोभेची वस्तू आहे, जीवाश्म नाही. लिलावात डायनोसॉरला कोट्यवधी डॉलर मोजणाऱ्यांना हे पटणार नाही. त्यांचं सोडा.

आपल्याकडच्या नव्या हौशींनी हा धडा चांगला गिरवला आहे. मंडल्याचे जिल्हा सांख्यिकी अधिकारी डॉ. धर्मेंद्र प्रसाद यांनी सत्तरच्या दशकात घुघुआच्या शेतांतले दगडी ओंडके हेरले, म्हणून जबलपूरचे डॉ. एस. आर. इंगळे आणि लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतले डॉ. एम. बी. बांदे तिथवर पोचले. १९८३ मध्ये तिथं राष्ट्रीय जीवाश्म उद्यान झालं. ताडमाडांची खोडं आज तिथं दगड होऊन पडलेली दिसतात.

धार जिल्ह्यातलं काम त्याहून ताजं. बाघच्या लेण्यांमुळे हा भाग आपल्याला माहीत आहे. कुक्षी-बाघच्या टेकड्यांत जुन्या समुद्राचे शार्कदंत आणि समुद्री साळिंदरं मिळतात, हे कमी जणांना ठाऊक असतं. तिथं ‘मंगल पंचायतन परिषद’ या हौशी गटानं २००७ मध्ये डायनोसॉरची शंभराहून अधिक अंडी शोधली. गटाचे विशाल वर्मा हे शाळेत भौतिकशास्त्र शिकवणारे. पुढं दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांसोबत त्यांचंही नाव असलेला लेख जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला: ९२ घरटी, २५६ अंडी. त्याआधीच्या वर्षी बाघजवळच्या पाडल्यातलं अंड्यात अंडं असलेलं एक दुर्मीळ प्रकरणही जगापुढं आलं. त्याच पाडल्यात काही कुटुंबं हे गोल दगड काकड भैरव, म्हणजे शेतशिवाराचा राखणदार, म्हणून पुजत आली आहेत. वैज्ञानिकांनी त्यांना डायनोसॉरची अंडी ठरवल्यावर शहरी बातमीदारांना हसू आलं. मला आलं नाही. ज्यांनी ते दगड पिढ्यान्‌पिढ्या फोडले नाहीत, बांधाला लावले नाहीत, त्यांच्यामुळेच ते शिल्लक राहिले.

महाराष्ट्राचं काय? राज्याचा बराचसा भाग बेसाल्टखाली झाकलेला, त्यामुळे आपली दगडांची हौस वळली ती झिओलाइटच्या स्फटिकांकडे. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या शोकेसमध्ये जाऊन बसलं. जीवाश्मांसाठी जायचं तर विदर्भात. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याच्या शेतांत मिळालेल्या दगड झालेल्या विष्ठेत वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना गवताचे सूक्ष्म कण सापडले. २००५ मधल्या त्या शोधानं डायनोसॉरच्या काळात गवत होतं, हे सिद्ध केलं. सिरोंचा तालुक्यात वडदमला वन विभागाचं जीवाश्म उद्यान आहे. त्याच प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या हाडांतून ‘बारापासॉरस टागोराय’ उभा राहिला, तो मात्र कोलकात्यात.

मराठी माणूस दोन टाळकी जमली की मंडळ काढतो. पक्षिमित्रांची संमेलनं भरतात, गडवाट्यांचे गट गल्लोगल्ली आहेत. जीवाश्मांचं मंडळ मात्र माझ्या पाहण्यात नाही. भू-वारशाच्या संरक्षणासाठी केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा मांडला, पण कायद्यानं फार तर दगड उचलण्यावर बंदी येईल. तो बघायला डोळे लागतात, ते स्थानिकच असतात. चंद्रपूर, वणी, वरोरा, सिरोंचा इथल्या महाविद्यालयांनी आणि निसर्गमंडळांनी एवढं मनावर घ्यावं. वेचण्याचं नाही, नोंदवण्याचं मंडळ काढावं.

आणि वाचकहो, शेतात, विहिरीच्या खोदकामात, रस्त्याच्या कापात तुम्हाला हाडासारखा किंवा शंखासारखा दगड दिसलाच, तर तो उचलू नका. शेजारी मोजपट्टी किंवा पेन ठेवून फोटो काढा, मोबाइलवर जागेची नोंद करा, तारीख लिहा, आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण कार्यालयाला, पुण्याच्या आघारकर संस्थेला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला कळवा. उत्तर आलं नाही तर पुन्हा कळवा.