बोलींचा नकाशा आणि नीरा-भीमेमधील प्रदेश

तालुक्याची सीमा नकाशावर एका रेषेने दाखविता येते. बोलीची सीमा तशी दाखविता येईल काय, हा बोलीभूगोलातील आद्य प्रश्न होय. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास असलेले बारामती व इंदापूर हे दोन तालुके ह्या प्रश्नाच्या विचारास विशेष सोयीचे आहेत. दक्षिणेस नीरा, तिच्या पलीकडे सातारा जिल्ह्यातील फलटण आणि सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस. इंदापूरच्या उत्तरेस व पूर्वेस भीमा. आणि नीरा-नरसिंहपूर येथे दोन्ही नद्यांचा संगम. नदी व जिल्ह्याची हद्द येथे बहुतांशी एकच असल्यामुळे ‘नदीपलीकडची बोली निराळी’ असे गृहीत धरण्याचा मोह सहज होतो. हा मोह कितपत विश्वसनीय, याचा उलगडा जर्मन बोलींच्या सर्वेक्षणाच्या इतिहासावरून होतो.

इ. स. १८७६ मध्ये गेओर्ग वेंकर या अभ्यासकाने ऱ्हाइनकाठच्या शाळाशिक्षकांकडे काही साधी वाक्ये पाठविली व ती स्थानिक बोलीत लिहून मागविली. पुढे वाक्यांची संख्या चाळीस ठरली, क्षेत्र साऱ्या जर्मन साम्राज्यापर्यंत विस्तारले आणि चाळीस हजारांहून अधिक गावांची उत्तरे मारबुर्ग येथे जमा झाली. बोलींच्या सीमा ठळक व निश्चित असतील अशी वेंकरची आरंभीची समजूत होती. परंतु एकेका शब्दाचा नकाशा तयार होऊ लागला, तेव्हा एका शब्दाची भेदरेषा दुसऱ्या शब्दाच्या रेषेशी जुळेना.

ऱ्हाइनच्या खोऱ्यातील उदाहरण प्रसिद्ध आहे. उत्तरेकडील ‘इक’, ‘माकेन’, ‘डोर्प’, ‘डाट’ आणि दक्षिणेकडील ‘इख’, ‘माखेन’, ‘डोर्फ’, ‘डास’ ही रूपे एकाच व्यंजनपरिवर्तनाची फळे आहेत. नियम एक, म्हणून सीमाही एक, असे व्हावयास हवे होते. पूर्वेकडे या रेषा बऱ्याच जवळून जातात. पण ऱ्हाइनजवळ त्या पंख्याच्या काड्यांप्रमाणे फाकतात आणि निरनिराळ्या ठिकाणी नदी ओलांडतात. ‘माकेन–माखेन’ ही रेषा बेनराट येथे, तर ‘इक–इख’ ही तिच्या उत्तरेस युर्डिंगेन येथे. म्हणजे नदीने बोली अडविली नाही. टेओडोर फ्रिंग्स याने या पंख्याचा संबंध कोलोन व ट्रियर यांसारख्या जुन्या धर्मसत्तांच्या प्रदेशांशी जोडला. माणसे जेथवर ये-जा करतात, जेथील अधिकार मानतात, तेथवर शब्द पसरतो, असा या विवेचनाचा इत्यर्थ.

मराठीच्या बाबतीत ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची सिद्धता मुख्यतः स्टेन कोनो यांनी केली. बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची भाषांतरे हा या सर्वेक्षणाचा एक प्रमुख आधार होता. पुण्याकडील देशी मराठी तेथे प्रमाणरूप मानली गेली. १९६३ पासून डॉ. अ. मा. घाटगे यांची बोलीविषयक ग्रंथमाला निघाली. तिच्यात दक्षिण कानडातील कोकणी, कुडाळी, महाडची कुणबी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी यांची वर्णने आली. हे कार्य मोलाचे आहे. तथापि लक्ष प्रायः भाषाक्षेत्राच्या कडांकडे राहिले. जी बोली प्रमाण मानली, तिच्या अंतरंगात भेद असणारच नाहीत अशी समजूत त्यातून नकळत दृढ होते.

वस्तुतः देशावरील बोलण्यात ‘आहे’ व ‘हाय’, ‘होतं’ व ‘व्हतं’, ‘पाणी’ व ‘पानी’, ‘त्यांना’ व ‘त्यास्नी’ अशी जोडरूपे सर्वश्रुत आहेत. ‘मी भाकरी खाल्ली’ याऐवजी ‘मी भाकरी खाल्लो’ असा कर्त्याशी जुळणारा प्रयोगही दक्षिणेकडील काही बोलींत आढळतो. यांपैकी प्रत्येकाची रेषा बारामती-इंदापुरात कोठून जाते, हे शब्दागणिक तपासले पाहिजे. नीरा ही एक संभाव्य रेषा. पण तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती-इंदापूर करून सराटीजवळ हीच नीरा ओलांडते व अकलूजला जाते. सोयरिकी व बाजारहाटही नदी पाहून होत नाहीत. दुसरी शक्यता अधिक विचारणीय आहे. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा झाला आणि एकाच तालुक्यात बागायत व जिरायत असे दोन पट्टे पडले. बागायतीत ऊस आला, पुढे साखर कारखाने व वालचंदनगरसारखी वसाहत आली, आणि दूरदूरचे मजूर आले. सुपे-मोरगावकडील कोरडवाहू भाग यापासून बाजूस राहिला. पुढे उजनी धरणाच्या जलाशयाने भीमाकाठची गावे उठविली. पळसदेवचे जुने देऊळ आजही पाणी ओसरले की दिसते. तेव्हा भेदरेषा नदीऐवजी कालव्याच्या कडेने जाते काय, आणि विस्थापितांनी आपली रूपे नव्या गावठाणात राखली काय, हे दोन प्रश्न या प्रदेशात प्रत्यक्ष पडताळता येण्याजोगे आहेत.

पद्धतीचा विचार येथेच प्राप्त होतो. वेंकरची गावे दाट, पण उत्तरे शिक्षकाच्या हातची. उलट फ्रान्समध्ये जिल्येरॉं यांच्यासाठी एदमों याने १८९७ पासून स्वतः हिंडून ६३९ ठिकाणी उच्चार टिपले. तेथे अचूकता अधिक, ठिकाणे विरळ. लेखी प्रश्नावली इंदापूरच्या शाळेत धाडली, तर ‘हाय’ म्हणणाराही ‘आहे’ असेच लिहून देईल. कारण आपले बोलणे अशुद्ध, हा संस्कार शाळेतूनच झालेला असतो. म्हणून डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडच्या सर्वेक्षणात चित्रफिती दाखवून त्यांचे वर्णन बोलून घेण्याची व ते ध्वनिमुद्रित करण्याची रीत अवलंबिली आहे. प्रमाण वाक्य समोर नसल्याने बोलणारा त्याचे अनुकरण करीत नाही. ही रीत ठेवून गावे दाट घेतली, तर दोन्ही पद्धतींचे गुण एकत्र येतील.

त्यात विलंब परवडणारा नाही. मोट गेली तशी नाडा, धाव, थारोळे ही नावे केवळ वृद्धांच्या तोंडी उरली. ती कोणत्या गावात कशी उच्चारली जात, हे सांगणारी पिढी सरत आहे. व्याकरणिक रूपे शाळेच्या प्रभावाने तितक्याच लवकर बदलतात. जर्मन नकाशांचा धडा इतकाच की रेषा आधी आखून गावे तिच्या दोहों बाजूंस वाटू नयेत. गावोगावची उत्तरे मांडावीत, मग रेषा जेथे उमटेल तेथे ती मान्य करावी, आणि नंतरच तिचे कारण शोधावे.