गोड गळा आणि खडा आवाज

आपल्याकडचा जयंतीचा कोणताही कार्यक्रम घ्या. निवेदक माईक हाती घेतो आणि प्रत्येक गायकाची ओळख एकाच शब्दाने करून देतो. पहिल्याचा आवाज मधुर, दुसऱ्याचा मधुर, आणि ज्याच्या आवाजाने मांडवाचे बांबू हलावेत त्याचाही मधुरच! ऐकणाऱ्याला वाटावे, मराठीत आवाजासाठी दुसरा शब्दच नाही. वस्तुस्थिती अगदी उलटी आहे. नादासाठी आणि आवाजासाठी आपल्या भाषेत एवढे शब्द आहेत की मोजता मोजता दमावे. आणि ते शोधायला ग्रंथालयात जायला नको, ते आपल्या घरात, आपल्या आयाबायांच्या तोंडी आहेत.

बांगड्या किणकिणतात, टाळ खणखणतात, मोठी घंटा घणघणते. हे तीन शब्द पाठोपाठ म्हणून पाहा. वस्तू जसजशी मोठी, तसतसे अक्षरही जड होत गेले आहे. चिमणीची चिवचिव आणि कावळ्याची कावकाव यांतही तोच न्याय आहे. लहानसा झरा झुळझुळतो, धोंड्यांतून उड्या घेणारा ओढा खळखळतो. पाऊस रिमझिम पडला तर बरे वाटते, पण तोच रिपरिप लागला की पत्र्याच्या घरात गळतीखाली पातेली मांडावी लागतात! पाणी तेच, पण शब्द बदलला की मनःस्थिती बदलली. एक पाखरू किलबिल करते. झाडभर पाखरे जमली की किलबिलाट होतो. शाळेच्या व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. मुले ते परीक्षेपुरते पाठ करतात. वास्तविक हे कष्टकरी माणसाच्या कानाने घडवलेले शब्द आहेत.

कान हेच हत्यार

पूर्वी चांदीचा रुपया दगडावर वाजवून घेत. खरा असला तर खणखणीत वाजे, खोटा असला तर बद्द. आजही माठ घेताना बाई बोटाच्या पेराने ठोकून पाहते. नीट भाजलेला माठ खणकन बोलतो, तडा गेलेला बद्द वाजतो. दुकानदाराने कितीही गोड बोलून माल गळ्यात मारायचा प्रयत्न केला तरी बाईचा कान फसत नाही. 'खणखणीत उत्तर', 'ठणठणीत प्रकृती' हे शब्दप्रयोग अशा पारखीतून आलेले आहेत.

वाद्यांचेही तसेच. तुणतुण्याचे नावच त्याच्या आवाजावरून पडले. झांज झणझणते, पायातले चाळ छुमछुमतात, संबळ घुमतो, हलगी कडाडते. पण पावसाळी हवेत हलगीचे कातडे सैल पडते आणि ती नुसती ढबढबते. म्हणून वाजवणारा आधी जाळ करतो, हलगी शेकून घेतो, थाप मारून कानाने पाहतो आणि मगच उभा राहतो. 'ढबढब' आणि 'कडाड' यांतला फरक त्याला कोणत्या पुस्तकाने शिकवला नाही.

आवाजाला नाव ठेवणे

माणसाच्या आवाजाला तर किती नावे! गोड, मोकळा, भारदस्त, पहाडी, खडा ही कौतुकाची. किनरा, चिरका, घोगरा, भसाडा ही नावे ठेवण्याची. आपल्या चळवळीने खड्या आवाजाची किंमत ओळखली होती. 1930 च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी जलसा घेऊन गावोगाव फिरत. शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळला पाहिजे, ही तिथली कसोटी होती. पुढे वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांनी घराघरांत गाणे नेले. या तिघांचे आवाज तीन तऱ्हेचे. उमपांचा तो पहाडी आवाज 2010 साली नागपूरला दीक्षाभूमीवरच थांबला. अशा आवाजांना सरसकट 'मधुर' म्हणणे म्हणजे हलगीला बासरी म्हणण्यासारखे आहे.

आम्ही हे सारे सांगतो आहोत त्याला कारण आहे. आमच्या वस्तीतल्या विहारात रविवारी मुलांचा वर्ग भरतो. तिथे एक मुलगी वाचायला उभी राहिली की पुटपुटायची. चौकशी केली तेव्हा कळले, घरी आणि शाळेत तिला सतत ऐकवले जाते, "केवढा भसाडा आवाज! पोरीच्या जातीला शोभतो का?" आम्ही वर्गात सर्वांसमोर सांगितले, "हिचा आवाज भसाडा नाही, खडा आहे. संचलनात घोषणा द्यायला असाच आवाज लागतो." पुढच्या रविवारी ती शेवटच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असे वाचू लागली. गळा तोच होता. आम्ही फक्त शब्द बदलला होता.

मुलाने मोठ्याने बोलले तर 'पुढारी होणार', आणि मुलीने बोलले तर 'भसाडी', हा न्याय आपल्या घरात तरी नको.

आठ गुण, पहिला कोणता?

मज्झिम निकायातील ब्रह्मायु सुत्तात उत्तर नावाचा तरुण सात महिने तथागतांच्या मागे राहून त्यांचे चालणे, बसणे, जेवणे, बोलणे न्याहाळतो. त्यांच्या आवाजाचे त्याने आठ गुण सांगितले आहेत. मंजु, म्हणजे आपला मंजुळ, त्यांत आहे. पण तो तिसरा. पहिला गुण स्पष्टपणा आणि दुसरा समजण्याजोगा असणे. पुढे श्रवणीय, भरीव, न विस्कटणारा, गंभीर आणि निनादणारा. शिवाय तो आवाज सभेतल्या सर्वांना ऐकू जाई, पण सभेबाहेर जात नसे. रात्री उशिरापर्यंत कर्णे लावणाऱ्या मंडळांनी हा शेवटचा मुद्दा जरूर ध्यानात घ्यावा!

सांगायचे एवढेच, की अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या शास्त्याच्या आवाजातही गोडव्याच्या आधी स्पष्टपणा मोजला गेला. आपण मात्र मुलांकडून आधी गोडवा मागतो आणि गोडवा नसला तर त्यांना गप्प बसवतो.

तेव्हा माता-पित्यांनी एक करावे. संध्याकाळी जेवणे आटोपली की पाच मिनिटे मुलांना नुसते ऐकायला लावावे. नळ कसा वाजतो, शेजारची शिलाई मशीन कशी, आजीचे गुणगुणणे कसे? प्रत्येकाला नेमका शब्द द्यायला सांगावे. शब्द अडला तर आजीला विचारावे, तिच्याकडे तो हमखास निघेल. आणि आपल्या लेकराच्या आवाजाला नाव देताना, माठ घेताना पारखता तेवढे तरी पारखून द्यावे. कारण ते नाव लेकरू जन्मभर गळ्यात बाळगते.