छातीवरचे दोन पाऊच

दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा पलटणींची बरीच छायाचित्रे लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहेत. ती पाहताना बहुतेकांची नजर आधी चेहऱ्यांवर जाते. माझी जाते ती छातीवरच्या पाऊचवर. हे वेड मला लावले नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका शिपायाने, संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी.

युद्धाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. 1943 मध्ये दोस्त फौजा इटलीत उतरल्या आणि नदीमागून नदी ओलांडत उत्तरेकडे सरकल्या. 1944-45 च्या हिवाळ्यात त्या सेनिओ नदीवर येऊन थडकल्या. जर्मनांनी तिचे पूरबांध आतून पोखरून मोर्चे केले होते.

आता साज पाहू. 1937 च्या नमुन्याचा हा सारा साज जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा. कमरेला पट्टा, खांद्यांवरून पाठीवर फुलीसारखे जाणारे दोन पट्टे आणि छातीवर दोन चौकोनी पाऊच. पाठीवर पिठ्ठू, बाजूला पाण्याची बाटली. पाऊचचे माप ब्रेन गन या हलक्या मशिनगनच्या मॅगझिनवरून ठरवलेले, एकात दोन मावतील असे. ब्रेन चालवणारा एकटाच, पण तिच्या गोळ्या साऱ्या सेक्शनने वाहायच्या, म्हणून रायफलवाल्याच्या छातीवरही तेच पाऊच. त्यात हातबॉम्बही ठेवत. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. छायाचित्रात पाऊच ताठ फुगलेला दिसला तर माणूस भरल्या दारूगोळ्यानिशी निघाला आहे. दोन्ही पाऊच चपटे आणि चेहरे हसरे असतील, तर ते दृश्य बहुधा छायाचित्रकाराच्या विनंतीवरून उभे केलेले, असे मी खुशाल समजतो.

हत्यार ओळखणे त्याहून सोपे. नळीचे तोंड लाकडी आवरणाबरोबर बोथट संपत असेल तर ती जुनी ली-एनफिल्ड रायफल. नळी पुढे बोटभर डोकावत असेल तर चार नंबरची. टॉमी गन या छोट्या मशिनगनचा बोल्ट ओढायचा खटका वर असेल तर ती 1928 च्या घडणीची, उजव्या कुशीला असेल तर युद्धकाळात सोपी करून काढलेली. इटलीतल्या ब्रिटिश आठव्या सेनेने स्टेनपेक्षा टॉमीच जवळ केली, त्यामुळे आपल्या जवानांच्या हातात ती वारंवार दिसते. अंगात लोकरी बॅटलड्रेस की सुती खाकी, यावरून ऋतूचाही अंदाज बांधता येतो. कृष्णधवल चित्रावरून पट्ट्यांचा नेमका रंग मात्र छातीठोकपणे कुणी सांगू नये.

नामदेव जाधवांच्या हातीही टॉमीच होती. ते कंपनीचे रनर, म्हणजे कंपनी कमांडरच्या मागे राहून निरोप पोचवणारे. 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी सेनिओच्या खोल पाण्यातून पलीकडे चढताना मशिनगनचा मारा झाला. कमांडर आणि दोघे जखमी झाले, जाधव सोडून बाकीचे पडले. त्या दोघा जखमींना त्यांनी एकेक करून नदीतून, खड्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग एकटे परतले. हाताला जखम होऊन टॉमी चालेना, तेव्हा ती फेकून देऊन हातबॉम्ब घेतले. त्यांच्या शौर्यपदकाच्या मानपत्रात पुढे एक तपशील आहे: बॉम्ब संपले तेव्हा ते सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या उतारावरल्या साथीदारांकडून नवे घेऊन आले. हे वाचताना मला तो पाऊच दिसतो. मिल्स बॉम्बचे वजन पाऊण किलोच्या आसपास. अंगावर असे किती घेणार? मशिनगनचे तीन मोर्चे त्यांनी गप्प केले आणि बांधावर उभे राहून, तोफगोळ्यांच्या वर्षावात, मराठ्यांची युद्धगर्जना देत मागच्या कंपन्यांना हाका घातल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 1984 मध्ये पुण्यात त्यांचे निधन झाले.

सेनिओवरच्या त्या हल्ल्यात आग ओकणारे चर्चिल रणगाडेही होते. नगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल उभा आहे, आणि तिथे गेलो की माझे पाय त्याच्यापाशीच रेंगाळतात. पण माझ्या मते तिथे येणाऱ्यांना या सुती पट्ट्यांचीही तितकीच ओळख करून द्यायला हवी. स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे आपला जवान हाच साज अंगावर चढवत होता.

आपल्या घरी आजोबा-पणजोबांचा वर्दीतला फोटो असेल तर तो चौकटीतून अलगद काढून पाठ पाहा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेला आकडा, गावाचे नाव यांपैकी काहीही सापडू शकते. कडा कापू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. खांद्यावरचा बिल्ला भिंगाखाली धरा: गरुड असेल तर चौथी भारतीय डिव्हिजन.