भातातले विष

बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क मिळविण्यासाठी सत्याग्रह केला. पश्चिम बंगालच्या खेड्यांत पाणी दाराशी आले खरे, पण कूपनलिकेतून आर्सेनिक घेऊन! डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ साली तेथील पहिले रुग्ण ओळखले. हेच पाणी भातशेतीला जाते. भाताच्या मुळांना मातीतली सिलिका लागते. ती आत घेणारी दारे आर्सेनिकलाही वाट देतात. शेतात पाणी तुंबलेले असले की अधिकच. मात्र भातातच एक जनुक असे आहे, की ते हे विष पेरातल्या पेशींत कोंडून ठेवते, दाण्यापर्यंत जाऊ देत नाही. हे २०१४ साली सिद्ध झाले. तसे वाण शेतमजुराच्या ताटात कधी येणार? तोवर तेथील माता-भगिनींनी स्वच्छ पाणी भरपूर घालून भात शिजवावा व पेज ओतून द्यावी. गरिबाघरी पेज टाकणे जिवावर येते, ठाऊक आहे. पण पाणीच दूषित असेल, तर हाही उपाय उलटतो.