शेवेच्या कारखान्यातील निसरडी फरशी

इंदूरच्या घरांत सकाळच्या पोह्यांवर शेव भुरभुरली नाही, तर काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. ती जेथे तळली जाते तेथील फरशी मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. आमच्या शेजारच्या काकूंचा उजवा हात मनगटाशी मोडला, तेव्हा ती प्रथम माझ्या विचारात आली. काकू एका लहानशा कारखान्यात शेव पाकिटांत भरीत. भट्टीकडून परात आणताना पाय सरकला. ‘माझंच लक्ष नव्हतं हो,’ असे त्या प्रत्येकाला सांगत राहिल्या.

लक्षाचा प्रश्न तेथे थोडाच होता! घाणा काढताना झाऱ्यातून तेल निथळते, कढईतून बारीक तुषार उडतात आणि सारे गुळगुळीत लादीवर येऊन बसते. चालताना टाच आधी टेकते. तिच्याखाली तेलाचा पातळ थर आला, की पकड सुटते. पाण्यापेक्षा तेल दाट, म्हणून नुसत्या पाण्यात पाय धरून ठेवणारी खडबडीत लादीही तेलावर दगा देते. त्यात काकूंच्या पायांत झिजलेल्या रबरी चपला. पडणारा माणूस हात पुढे टेकतो आणि देहाचा भार मनगटावर येतो. उकळती कढई चार पावलांवर होती, हे नशीबच म्हणायचे.

फरशी पुसली जात नव्हती असे नाही. परंतु थंड पाण्याचे फडके तेल काढत नाही, पसरविते. तेल आधी कोरडेच टिपावे, मग गरम पाणी व साबणाने घासावे, साबणही धुऊन काढावा आणि फरशी वाळेपर्यंत कोणास त्यावरून जाऊ देऊ नये. कढईपाशी निथळते तेल झेलणारे पसरट ताट ठेवले, तर बरेचसे खाली येतच नाही.

जमिनी व वाटा घसरविणाऱ्या पदार्थांपासून मुक्त ठेवाव्यात, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३२ व्या कलमात होते. पण यंत्रशक्तीवर चालणारी जागा ‘कारखाना’ ठरण्यास तेथे सामान्यतः दहा कामगार लागत. २०२० च्या संहितेने ती संख्या वीस केली. काकूंकडे माणसे सात.

प्लास्टर सहा आठवड्यांनी निघाले. मनगट अजून पुरते वळत नाही; पोळ्या सूनबाई लाटतात. काकूंच्या जागी गल्लीतलीच दुसरी मुलगी लागली आहे. परवा काकू तिला सांगत होत्या, ‘अगं, भट्टीकडून येताना भिंतीच्या कडेनं येत जा. तिथं जरा कोरडं असतं.’